दामलेमास्तरांचा कांदा

आम्ही चार मास्तर पानसुपारीला एकत्र बसलो की किस्से साठतातच. राणीसरकारच्या राज्यातल्या आमच्या ठाण्याच्या शाळेत तर दामलेमास्तर होते, आणि त्यांच्या हाती सूक्ष्मदर्शक यंत्र होतं! मग काय विचारता.

यंत्र मुंबईहून महिनाभरासाठी उसनं आलेलं. हेडमास्तर रावसाहेबांचं मन वळलं तर शाळा ते ठेवून घेणार, नाहीतर सोमवारी परत. दामल्यांची झोपच उडाली होती.

*

झाडपाल्याच्या पेशीत पाणी आत-बाहेर करतं, बाहेर मीठ जास्त झालं की ते तिकडे धावतं, हे डोळ्यांनी पाहिल्यापासून दामले सुटलेच होते. नौपाड्यातल्या घरी त्यांनी बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, तासभर हेच समजावलं. वहिनी काकडीची कोशिंबीर करत होत्या. शेवटी म्हणाल्या, "म्हणून तर मीठ आयत्या वेळी घालायचं. हे मला आठव्या वर्षापासून ठाऊक आहे."

*

मनुका पाण्यात कशा फुगतात हे वर्गाला दाखवायला त्यांनी वाटी झाकून ठेवली. मधल्या सुट्टीनंतर वाटीत नुसतं पाणी. संस्कृतचे शास्त्रीबुवा मिशा पुसत म्हणाले, "छान फुगल्या होत्या."

दामले रागावले नाहीत. उलट नेमक्या किती फुगल्या होत्या, हे त्यांनी खोदून खोदून विचारलं!

*

खरी पंचाईत कांद्याची. लाल कांद्याच्या पापुद्र्यात जांभळा रंग असतो, म्हणून पेशी स्पष्ट दिसतात. पण चातुर्मास चाललेला, आणि रावसाहेब इतके कडक की कांद्याचा वास आला म्हणून एका मुलाला त्यांनी अंघोळीला घरी पिटाळलेलं. शेवटी कांदा मी उपरण्यात बांधून आणला. मी फाटकातून वर्गापर्यंत पोचायच्या आत सगळ्या शाळेला कळलं.

*

शनिवारी यंत्राचा निकाल लावायला आलेले रावसाहेब नाकाला उपरणं लावून यंत्रावर वाकले. दामल्यांनी पापुद्र्यावर मिठाच्या पाण्याचा थेंब सोडला. जांभळा रंग आक्रसून प्रत्येक पेशीच्या मधोमध गोळा झाला.

"आता गोडं पाणी घालतो, पेशी पुन्हा भरतील," असं म्हणून दामल्यांनी तांब्यातलं शाळेच्या विहिरीचं पाणी सोडलं. ती विहीर एरवी दौती आणि पाय धुण्याची. रावसाहेब म्हणाले, काही हलत नाही. दुसरा थेंब. तिसरा. मला तर रडूच येत होतं.

प्रयोगाचं मीठ आणून देणारी मिठागरावरची चांगुणा अजून दारातच उभी होती. तिने तांब्यात बोट बुडवून चाखलं.

"मास्तर, आज आवस हाय. उधानाची खाडी हिरीत घुसते. यो पानी खारा हाय."

दामले पडले पुण्याचे. अमावास्येच्या भरतीचं उधाण त्यांनी पुस्तकातच पाहिलेलं!

चांगुणेने स्वतःला प्यायला आणलेलं, पोकळ वाळक्या भोपळ्यातलं पाणी पुढे केलं. एक थेंब पडला. आत पेशी पुन्हा भरू लागल्या असणार. रावसाहेबांच्या नाकावरचं उपरणं घसरून खाली पडलं, तरी त्यांचा डोळा काही हटेना. बऱ्याच वेळाने, न बघताच, त्यांनी हात पुढे केला.

"दामले," ते म्हणाले, "दुसरा कांदा आहे का?"