समासांतलं वाचणाऱ्या बाई

"फऊलुन, फऊलुन, फऊलुन, फऊलुन..." भिंतीपलीकडून आलेला तो ठेका अजून माझ्या कानात आहे. अलीकडे मी मुलांकडून 'लगागा लगागा' घोकून घेत होतो. न राहवून शेजारच्या वर्गाच्या दारात गेलो. डॉ. रुक्साना इनामदार अरबी कविता शिकवत होत्या.

"बाई, हे तर आमचं भुजंगप्रयात!"

"असेल. पण 'आमचं' म्हणण्याआधी त्याला विचारलंत का?"

अशी ओळख झाली. आता बाई पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत, त्यानिमित्त हे लिहितो आहे.

त्यांचा विषय इस्लामी तत्त्वज्ञान. त्यांनी काम सुरू केलं तेव्हा बहुतेक अभ्यासक मानत, की पहिल्या काही शतकांनंतर तिथला विचार आटला. पुढे उरल्या नुसत्या जुन्या ग्रंथांवरच्या टीका आणि टीकांवरच्या टीका. आज जगभरचे संशोधक त्याच टीकांत, हस्तलिखितांच्या समासांतल्या बारीक टिपणांत नवा विचार शोधत आहेत. बाई हे आमच्या स्टाफरूममध्ये चहा गार करत कधीपासून सांगत होत्या. "सर, तुमची मुलं वहीत धडा उतरवतात आणि मनातलं समासात लिहितात. विद्वानांचंही तसंच असतं."

विश्रांतवाडीच्या काझीसाहेबांकडे असं एक हस्तलिखित होतं. समास त्यांच्या पणजोबांनी भरलेले. त्यावरच्या पुस्तकासाठी बाई तिथे जाऊन ते वाचत. निम्मं झालं आणि मी घोळ घातला. काझीसाहेब एका लग्नात भेटले, तेव्हा मी मोठ्या कौतुकाने म्हणालो, "बाई आपल्या पणजोबांवर टीका लिहिताहेत!" मला म्हणायचं होतं भाष्य, त्यांनी ऐकली निंदा. हस्तलिखित कपाटात गेलं. बाईंचं पुस्तक आठ वर्षं अर्धंच राहिलं.

बाई एवढंच म्हणाल्या, "मराठीचे मास्तर ना आपण?" आणि माझ्यापुढे शिरखुर्म्याची वाटी सरकवली. पुढे माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, तेव्हा रोज दुपारी येऊन त्यांनी मला शाळेतल्या कविता वाचून दाखवल्या. चालीत, एकही मात्रा न चुकवता.

गेल्या महिन्यात मी काझीसाहेबांना पत्र लिहिलं. 'टीका' या शब्दाचा अर्थ, आणि माझी माफी. उत्तर आलं नाही.

बाईंना उदंड आयुष्य लाभो, नजर अशीच तीक्ष्ण राहो, आणि ते उरलेले समास...

इथवर लिहिलं आणि बेल वाजली. दारात काझीसाहेब उभे. तीन जिने चढून धाप लागलेली, छातीशी कापडात बांधलेलं हस्तलिखित.

"मास्तर, बाईंचं घर मला ठाऊक नाही. चपला घाला, चला. लिहू देत टीका. आणि पणजोबा कुठे चुकले असतील, तर तुमच्या मनात नव्हती आणि मी ऐकली, ती टीकासुद्धा!"