वेणीची फरशी

सुरेखा गेल्याचं मला कंपनीच्या बसमध्ये कळलं. चाकणला दुसऱ्या शिफ्टला निघाले होते. आमच्या लाइनच्या ग्रुपवर तिचा आय-कार्डवरचा फोटो आला आणि पुढच्या स्टॉपपर्यंत त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली. ताप अंगावर काढत ती कामाला येत राहिली होती. दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता. त्याच शिफ्टला माझ्या शेजारच्या तिच्या जागी दुसरी बाई उभी केली गेली. लाइन थांबली नाही...

गाड्यांच्या वायरी तपासायच्या टेबलावर आम्ही कित्येक वर्षं शेजारी उभ्या होतो. ती लातूरकडची, लग्न होऊन इकडे आलेली. एकदा काही चुकलं म्हणून साहेबांनी तिला पुढच्या ऑफिसात बोलावून घेतलं. बाहेरच्या पाहुण्यांसाठी सजवलेली ती खोली आम्ही एरवी बघतही नसू. मला वाटलं, रडत येईल. तर म्हणाली, "साहेब बोलत होते अन् मी फरशी बघत होते. लांब पट्ट्या, तिरप्या, एकीत एक घातलेल्या... वेणी घातल्यावानी."

पुढे तिने आणि नवऱ्याने, प्रकाशने, रहाटणीत जुना फ्लॅट घेतला. हप्ता दोघांच्या पगारातून जायचा. फरशी ठिकठिकाणी पोकळ झाली होती, ती बदलणं भागच होतं. सुट्टीच्या दिवशी ती मलाही पिंपळे सौदागरच्या दुकानात घेऊन गेली. दुकानदार तिच्याशी बोललाच नाही. नमुने काढायचा तो प्रकाशपुढे आणि त्याच्या धाकट्या भावापुढे. हा दीर घरं विकून द्यायची दलाली करतो. वेणीसारखा नमुना तिने बोटाने दाखवला, तेव्हा दीर हसला. असल्या फरशीनं घर लहान दिसतं, कटिंगमध्ये माल वाया जातो, मोठ्या चौकोनी टाइल्स सरळ बसवलेल्या बऱ्या, असं त्याने समजावलं. मग म्हणाला, "वहिनी, उद्या विकायचं म्हटलं तर गिऱ्हाईक फिरकणार नाही."

"आत्ता तर घेतलंय, भाऊजी," ती म्हणाली. "अजून राहिलेसुद्धा नाही मी त्यात."

प्रकाशने चौकोनी टाइल्सचा नमुना स्वतःकडे ओढला. ते मी अजून विसरलेली नाही. आठवडाभर घरात धुसफुस चालली आणि शेवटी तिने तोड काढली. हॉल तुमचा, बेडरूम तुमची, स्वयंपाकघर माझं. तिथे वेणी बसली. फिकट मातकट रंगाच्या पट्ट्या, ओट्यापासून खिडकीपर्यंत. मिस्त्रीच्या डोक्यावर उभं राहायला तिने रजा टाकली होती. घर बघायला पाहुणे आले की प्रकाश म्हणायचा, आत जाऊ नका, तिथे हिचं म्युझियम आहे. लोक हसायचे. तीही हसायची, पण मला ते हसू कधी खरं वाटलं नाही. मी गेले की आम्ही दोघी तिथेच, ओट्याला पाठ लावून, पाय पसरून चहा प्यायचो. बोलता बोलता ती तळहात फरशीवरून फिरवत राहायची. कंपनीत दिवसभर उभं राहिलेल्या बाईला स्वतःच्या जमिनीवर बसणं म्हणजे काय, हे त्या घरात कुणी विचारलं नाही.

तेरावा झाला आणि दिराने फ्लॅटसाठी गिऱ्हाइकं आणायला सुरुवात केली. मी गेले ती तिच्या लॉकरमधल्या वस्तू पोचवायला... चपला, कंगवा, जेवणाचा डबा. प्रकाशने त्या घेतल्या, दाराशीच ठेवल्या. त्याचे डोळे लाल होते. त्याला दुःख झालं नव्हतं असं मी म्हणणार नाही. डबा तरी जागेवर ठेवावा म्हणून मी आत वळले, आणि स्वयंपाकघराच्या दारात माझ्या अंगठ्याला जोरात ठेच लागली. आत सगळीकडे पांढऱ्या, चकचकीत, चौकोनी टाइल्स होत्या, सरळ रेषेत. जुनी फरशी उखडायची म्हणजे धूळ आणि वेळ, म्हणून तिच्यावरच नवी चिकटवून टाकली होती. दार लागत नव्हतं म्हणून ते खालून तासलं होतं.

मी अंगठा धरून उभी होते. मागून प्रकाश हळू आवाजात म्हणाला, "जपून, ताई... तिथं आता उंच झालंय."