दाराकडे गेलेला हात

आमच्या ह्यांना कॉलेजात वादविवाद स्पर्धांचं जे वेड लागलं, ते हाडांचे डॉक्टर झाल्यावर, लीड्सला आल्यावर, इथल्या हॉस्पिटलातून रिटायर झाल्यावरसुद्धा उतरलं नाही. मी भूलतज्ज्ञ. माणसांना झोपवण्याचं काम मी आयुष्यभर औषधं टोचून केलं, ह्यांना त्यासाठी औषध लागत नसे. भेंडीच्या भाजीवरून विषय निघाला तरी हे खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहणार, घसा खाकरणार आणि तीन मुद्दे मांडणार. तीनच. दोन मुद्द्यांत वजन नसतं आणि चौथ्याला लोक पेंगतात, असं त्यांचं शास्त्र.

ज्यांनी त्या स्पर्धा पाहिल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगते. कॉलेजकडून दोघांची जोडी जायची. एकानं विषयाच्या बाजूनं बोलायचं, दुसऱ्यानं विरुद्ध, आणि दोघांचे गुण मिळवून ज्यांचे जास्त त्यांना फिरती ढाल. कोणी कुठली बाजू घ्यायची हे पुष्कळदा चिठ्ठी उचलून ठरायचं. त्यामुळे एका कॉलेजात ‘विज्ञान हा शाप आहे’ असं छातीठोकपणे सांगणारा मुलगा पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कॉलेजात, तोच इस्त्रीचा शर्ट घालून, विज्ञान हे वरदान कसं आहे ते तितक्याच पोटतिडकीनं सांगायचा. तुला स्वतःला काय वाटतं, असं त्याला कोणी विचारत नसे. मी ह्यांना पहिल्यांदा पाहिलं तेच मुळी ‘प्रेमविवाह समाजाला घातक आहेत’ असं टाळ्यांच्या कडकडाटात सिद्ध करताना. पुढे ह्यांनी प्रेमविवाहच केला, माझ्याशी. तेव्हापासून ह्यांची भाषणं मी फारशी मनावर घेतली नाहीत.

मग तो सार्वमताचा उन्हाळा आला. ब्रिटननं युरोपीय संघात राहायचं की बाहेर पडायचं, यावर लीड्समध्ये बसस्टॉपवर, डेंटिस्टच्या खुर्चीत, कोथिंबिरीची जुडी घेताना, जिथे जाल तिथे वाद. आमच्या घरी मात्र प्रश्नच नव्हता. हे ‘राहा’ पक्षाचे. समोरच्या खिडकीत ह्यांनी तसा कागदही चिकटवला होता. आणि राहा म्हणायला आमच्याकडे घरातलंच कारण होतं. आमची सून पोर्तुगालची. मुलगा फुटबॉल खेळताना पडला, घोटा मोडला आणि ज्या मुलीनं त्याच्या घोट्याचा एक्स-रे काढला तिच्याशीच त्यानं लग्न केलं. हाडांच्या डॉक्टरला यापेक्षा चांगली सून कुठून मिळणार! दर रविवारी दोघं जेवायला यायची. तिला माझं वरण-भात-लिंबू आवडायचं आणि ह्यांना तिनं आणलेल्या कस्टर्डच्या वड्या. डायबेटिस असूनही. ती ह्यांना बाबा म्हणायची. मराठी तिनं आमच्या मुलाकडून उचललेलं, आणि मुलगा जन्मला वाढला इथेच, त्यामुळे त्याच्या मराठीतल्या सगळ्या खोड्या तिच्या मराठीत जशाच्या तशा उतरल्या होत्या.

तेव्हा ती पाच महिन्यांची गरोदर होती.

महाराष्ट्र दिनाच्या कार्यक्रमात यंदा गाण्यांऐवजी वादविवाद स्पर्धा घेऊ या, अशी टूम आमच्या इथल्या मराठी मंडळात निघाली. विषय अर्थातच तो. अगदी जुन्या थाटात, शुद्ध मराठीत, चिठ्ठ्या टाकून. स्टीलच्या वाटीत चिठ्ठ्या फिरल्या. ह्यांनी उचलली आणि उघडली, तर अनुकूल. म्हणजे ब्रिटननं बाहेर पडावं, या बाजूनं बोलायचं. मी म्हटलं, ‘‘अहो, कोणाशी तरी बदलून घ्या. तुम्ही ‘रिमेन’वाले.’’

ह्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू मी ऑपरेशन अर्धवट सोडून चहाला जा म्हणाले. ‘‘बाजू बदलून घेतो तो वक्ता कसला? उलट हीच तर खरी परीक्षा.’’

पुढचे पंधरा दिवस घरात उच्छाद. दाढी करताना भाषण, गवत कापताना भाषण. मी पोळ्या लाटत असताना ओट्याशी येऊन विचारायचे, ‘‘इथे आवाज चढवू की खाली आणू?’’ मी सांगायची, ‘‘खाली आणा, शेजारचे गोरे तेवढेच खूश होतील.’’ शेवटच्या वाक्याला हाताचा अभिनय बसवला होता. उजवा हात छातीशी आणायचा आणि मग पूर्ण लांब करून सभागृहाच्या दाराकडे न्यायचा. आरशासमोर तो हात मी इतक्या वेळा पाहिला की मला त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

कार्यक्रम नेहमीच्या चर्च हॉलमध्ये होता. मागच्या टेबलावर चहाचा मोठा बंब आणि बटाटेवडे. वेळ संपल्याची घंटा वाजवायचं काम माझ्याकडे होतं, त्यासाठी मी देवघरातली घंटा नेली होती. सुनेला उकडत होतं म्हणून मुलानं तिला मागे, उघड्या दाराशी बसवलं आणि तो कानात कुजबुजत तिला इंग्रजीत सांगू लागला.

हे उभे राहिले. सुरुवातीला कोपरखळ्या, हशा. मग एकदम आवाज खाली आला. माझ्यापुढे रंगीत तालमीत जे कधीच म्हटलं नव्हतं, ते बोलायला लागले. त्यांच्या बहिणीचा मुलगा डॉक्टर होऊन इथे आला होता. परीक्षा दिल्या, पास झाला, आमच्या छोट्या खोलीत राहून अर्ज करत बसला. आणि मध्येच नियम बदलले. आधी युरोपातले डॉक्टर, मग जागा उरली तर तुम्ही. पोरगा हिवाळाभर खिडकीशी बसून राहिला आणि शेवटी परत गेला. ‘‘जो उंबरठा ओलांडायला आम्ही इंग्रजीच्या परीक्षा दिल्या, नाकं घासली,’’ हे म्हणाले, ‘‘तो काही जणांनी नुसता पासपोर्ट दाखवून ओलांडला. याला न्याय म्हणतात?’’ हॉलमधल्या निम्म्या डॉक्टरांच्या पोटातलं ते होतं. माझ्याही होतं. तो पोरगा माझ्या हातचं जेवायचा.

मी घंटा वाजवली. हे थांबले नाहीत. ‘‘घर आमचं आहे,’’ हे गरजले. ‘‘कोणी आत यायचं आणि कोणी निघायचं, ते आम्ही ठरवू!’’ आणि तो हात छातीपासून निघाला, लांब झाला आणि दाराकडे गेला.

दारात आमची सून बसली होती.

तिला भाषांतराची गरजच उरली नाही. ती एका हातानं खुर्ची धरून उठली आणि त्या उघड्या दारातून बाहेर गेली. मागोमाग मुलगा. टाळ्या इतक्या चालल्या होत्या की कोणाच्या लक्षात आलं नाही. ह्यांना वाटलं, बाथरूमला गेली असेल. पहिलं बक्षीस ह्यांनाच. मंडळानं हौसेनं लाकडी ढाल करून घेतली होती, ती मांडीवर घेऊन हे गाडीत बसले आणि म्हणाले, ‘‘पोरं अभिनंदनाला थांबली नाहीत?’’

त्या रविवारी पोरं जेवायला आली नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. मग मुलाचा फोन आला. ‘‘आई, तिला असं वाटतो की बाबांचं रिअल ओपिनियन तेच आहे. ती मॅटर्निटी लीव्ह लवकर घेऊन तिच्या मॉमकडे जाणार. डिलिव्हरी तिकडेच. आणि मग... आय डोन्ट नो. मी पण तिकडे जॉब बघतोय.’’

बाळंतपणाला माहेरी जाणं हा तर आपलाच रिवाज, मी कुठल्या तोंडानं नको म्हणणार? पण बाळंतपण आटोपून परत येणं हाही त्याच रिवाजाचा भाग असतो, आणि ते तो बोललाच नव्हता.

ह्यांचा आधी विश्वासच बसेना. ‘‘अगं पण चिठ्ठी होती ती!’’ हे मला सांगत होते, मलाच, जिनं ती वाटी फिरवली होती. ‘‘तिला समजावून सांगतो. पाच मिनिटांचं काम आहे.’’

आम्ही त्यांच्या घरी गेलो. जिन्याखाली बाळाच्या खोलीसाठी आणलेले पिवळ्या रंगाचे डबे तसेच होते, झाकणंसुद्धा उघडली नव्हती. सुनेनं चहा केला, माझी चौकशी केली. ह्यांनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि तीन मुद्दे मांडले. एक, आमच्याकडे असा रिवाज आहे. दोन, वक्त्याचं मत आणि वक्त्याची बाजू या वेगळ्या गोष्टी. तीन, मी स्वतः तर राहण्याच्याच बाजूचा. उदाहरणं दिली, प्रेमविवाहाचा किस्सा सांगितला. मुलगासुद्धा हसला.

ती हसली नाही. तिनं शांतपणे इंग्रजीत विचारलं, ‘‘बाबा, त्या भाच्याची गोष्ट खोटी होती?’’

‘‘नाही. ती खरी.’’

‘‘ती सांगताना तुमचे हातवारे थांबले होते. मी हॉस्पिटलमध्ये काम करते, कुठे दुखतं ते मला कळतं.’’ तिनं कप खाली ठेवला. ‘‘मला त्या मुलाचं फार वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण त्याची जागा मी घेतली, असंच तुम्हाला वाटतं का, ते मला तुम्हाला विचारायचं होतं. आणि आता विचारून उपयोग नाही. तुम्ही दोन्ही बाजूंनी इतकं सुंदर बोलता, की तुमचं खरं कुठलं ते मला कधीच कळणार नाही.’’

ह्यांनी खुर्चीच्या पाठीवरचा हात काढून घेतला. परतताना गाडीत माझा जीव ह्यांच्यासाठीही तुटला आणि तिच्यासाठीही. राग कोणावर काढावा तेच कळेना. मग मी तो मागच्या सीटवर अजून पडलेल्या ढालीवर काढला आणि घरी गेल्या गेल्या ती गॅरेजमध्ये टाकली.

पुढचे दिवस घर सुनं गेलं. टीव्हीवर कोणी वाद घालायला लागलं की हे उठून बागेत जायचे. मतदानाला आम्ही दोघं बरोबर गेलो, ह्यांनी राहण्याच्या बाजूनं मत दिलं. पण ते तिला सांगणार कसं? सांगितलं तर तेही बोलणंच.

निकालाच्या दिवशी सकाळी मी खाली आले, तर हे टीव्हीसमोर पायजम्यात बसलेले. देश बाहेर पडला होता. पडद्यावर कोणी नाचत होते, कोणी रडत होते. हे माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘‘आता तिला हा सगळा देशच माझ्यासारखा दाराकडे हात करताना दिसेल गं.’’ आणि उठले. दाढी नाही, आंघोळ नाही, घरातल्या सपाता पायात. गाडीची किल्ली घेतली. मी पायजम्यावर ह्यांचा रेनकोट चढवला आणि शेजारी जाऊन बसले. वाटेत ओठ हलतायत का म्हणून मी पाहत होते, कारण भाषणाची तयारी करताना ह्यांचे ओठ हलतात. हलत नव्हते.

जून असूनही बाहेर गार वारा आणि बुरबुर पाऊस. बेल वाजवल्यावर सुनेनंच दार उघडलं. डोळे सुजलेले, एक हात पोटावर. ह्यांना हात ठेवायला तिथे खुर्ची नव्हती. दोन्ही हात नुसतेच लोंबत राहिले. घसा खाकरला. मी मागे रेनकोटची बाही धरून उभी. मनात म्हटलं, अहो, काहीतरी बोला, एरवी भेंडीवर बोलता.

‘‘तू जाऊ नकोस,’’ हे म्हणाले. मराठीतच. आणि रडायला लागले.

ती बघत राहिली. पुढचं ऐकायची तिला सवय होती, आम्हा सगळ्यांनाच होती. तिनं हळूच विचारलं, ‘‘आणि?’’

ह्यांनी मान हलवली. ‘‘आणि काही नाही.’’

पावसाचे थेंब ह्यांच्या चष्म्यावरून गालावर येत होते. ती बाजूला सरकली, भिंतीला पाठ लावून तिनं आत जायला वाट करून दिली आणि आमच्या मुलाच्या मराठीत म्हणाली, ‘‘बाबा, आत या. दार लावा. थंडी येतोय.’’

हे आत गेले, वळले आणि माझ्यामागे दार लावून घेतलं. जिन्याखालचा पिवळा रंग आम्ही त्याच दुपारी उघडला.