ब्लाउजच्या दुकानाची जाहिरात

जळगाव जामोदला मी ब्लाउज शिवायचं दुकान टाकलं, तेव्हा जाहिरातीचं खातं आमच्या ह्यांनी आपणहून घेतलं. बोलण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. "मानूस खुशीत असला का जाहिरात डोक्यात बसते," हे त्यांचं शास्त्र. म्हणून बाजाराचा दिवस धरला, ऑटोच्या मागे दुकानाची मोठी पाटी बांधली आणि मधेमधे गाणी लावत स्वतःच्या आवाजात भोंगा वाजवत निघाले. दुकान चाललं नाही, तर माझी मशीन पुन्हा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात जाणार होती.

संध्याकाळी हे परतले ते ओल्या कपड्यांनी. दारातच उभे, आत येईनात.

"काऊन, नदीत पडले का काय?"

"मयतीत गेलतो."

एका गल्लीत तिरडी निघत होती. ह्यांनी ऑटोवाल्याला भोंगा बंद करायला लावला. खांदा द्यायला माणसं कमी दिसली म्हणून खाली उतरले, ते थेट स्मशानात. ओळख ना पाळख. मी कपाळावर हात मारला. "जित्या बायकोचं दुकान बुडालं तरी चालते तुमाले," म्हटलं आणि दोन दिवस अबोला धरला.

बाजारात सकाळभर भोंगा वाजला होता, पण तिथलं कुणी फिरकलं नाही. शेजारणीला विचारलं, तर तिला भोंग्यावरचं गाणं आठवत होतं, दुकान कशाचं ते नाही. खुशीतली माणसं भजी खाण्यात गुंग होती. मशीन घरी न्यायचं मी जवळजवळ ठरवलंच होतं.

मग एक दिवस, घरची तेरवी उरकून, एक बाई आली. हातात दुखवट्यात आलेल्या साड्यांची पिशवी, सोबत दोन काकू.

"त्या ऑटोवर तुमचीच पाटी होती न?" ती म्हणाली. "माह्या बाबाले नेलं त्या दिवशी. कोन आलं, कोन गेलं, मले काईच आठवत नाही. पन तो भोंगा बंद झाला अन् एक भाऊ उतरून बाबाले खांदा द्याले आले, तेवढं ध्यानात हाय. पाटीवरलं नाव विचारत विचारत आली."

आमचे हे आतच बसले होते, खाली मान घालून माझ्याच एका ब्लाउजला हुक लावत. तिनं ओळखलं आणि हात जोडले. एवढा बोलघेवडा माणूस, पण नुसते हात जोडून पुन्हा हुक लावायला लागला. मला त्या क्षणी नवऱ्याचा फार अभिमान वाटला.

शेवटी साड्या पुढ्यात ओढून मीच विचारलं, "गळा कसा ठेवू, ताई?"