दोन दारांची गाडी

मीनाताईंचा फोन आला तेव्हा मी कोपऱ्यावरच्या डेअरीत होतो. इथे ख्राइस्टचर्चमध्ये गल्लीतल्या दुकानाला डेअरी म्हणतात. दुधापासून छत्रीपर्यंत सगळं तिथे मिळतं. "दिलीप, अनंत गेला रे," त्या म्हणाल्या. जूनमधली, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यातली, कडाक्याच्या थंडीची सकाळ होती. एका आजीबाईंच्या परसात कुंपण ठोकता ठोकता अनंतराव खाली बसले ते उठलेच नाहीत. मी दूध काउंटरवर तसंच ठेवून निघालो. खोटं कशाला बोलू, गाडीत बसल्यावर माझ्या मनात पहिला विचार आला तो मीनाताईंचा नव्हता, माझ्या बायकोचा, शुभाचाही नव्हता. पहिला विचार आला तो असा, की या माणसाची चार वर्षं मी खाल्ली. आज दीड महिन्यानंतर लिहायला बसलोय, तेही एवढं कबूल करावं म्हणूनच.

अनंतराव माझे साडू. मीनाताई थोरल्या, माझी शुभा धाकटी. आम्ही दोघं पुण्याचे, जवळपास एकाच वयाचे, पण साडू म्हटल्यावर अहो-जाहो आलंच. एका गाडीखाली दोघं उताणे झोपून तेलगळती शोधत असतानाही ते मला "दिलीपराव, जरा पाना देता का" असं म्हणायचे आणि मी "घ्या ना" म्हणायचो. उंची सहा फुटांच्या वर, हातपाय लांबलचक, बोलणं मोजकं. व्यवसायाने सिव्हिल इंजिनियर. मी कॉम्प्युटरवाला, म्हणजे ज्याला खिळा कुठल्या बाजूने ठोकतात हे ठाऊक नसतं अशा जातकुळीतला.

दोन हजार अकराच्या भूकंपानंतर अनंतरावांचं काम एकच झालं. घरोघरी जायचं, तडे मोजायचे आणि घर धोकादायक असेल तर दारावर लाल कागद चिकटवायचा. बूट बाहेर काढल्याशिवाय कुणाच्या घरात पाऊल टाकायची त्यांना सवय नव्हती. आत काचांचा खच, छत लोंबतंय, घरमालक स्वतः गमबूट घालून उभा आणि "नको मेट, बूट राहू दे" म्हणून ओरडतोय, तरी हे डोक्यावर हेल्मेट आणि पायात नुसते मोजे अशा थाटात आत शिरायचे. ऑफिसने त्यांना दोनदा लेखी समज दिली. मी हसलो तर म्हणाले, "अहो, त्यांचं घर आहे हो अजून. कागद लावेपर्यंत तरी आहे ना?" दोन वर्षांत त्या लाल कागदांनी त्यांची झोप उडवली. मग एका शनिवारी आमच्याकडे पोह्यांची बशी हातात घेऊन त्यांनी जाहीर केलं, "नोकरी सोडतोय. आता लोकांची घरं पाडायला सांगायचं नाही. मोडलेली फाटकं, कलंडलेली कुंपणं, खचलेल्या पायऱ्या, बिल्डर ज्या कामांना हात लावत नाहीत ती सगळी करणार. फक्त आधी गाडी मिळू दे."

ती गाडी म्हणजे पिकअप. इथे तिला यूट म्हणतात. अनंतरावांना हवी होती ती अगदी साधी: दोन दारं, पुढे एकच सलग बाक, मागे लांब उघडा हौदा, काच खालीवर करायला हँडल, हाताने टाकायचे गिअर. चार दारांच्या गाडीचा हौदा आखूड पडतो, प्लायवुडचा अख्खा तक्ता त्यात मावत नाही, हे त्यांनी मला माझ्याच जेवणाच्या टेबलावर टेप लावून सिद्ध करून दाखवलं. पण शहर नव्याने बांधायला निघालेलं. असतील नसतील त्या साध्या यूट सुतार, गवंडी, प्लंबर लोकांनी केव्हाच पळवल्या होत्या. आणि शोरूममध्ये ज्या चकचकीत उभ्या, त्या सगळ्या चार दारांच्या, कातडी सीटांच्या. एक सेल्समन "किया ओरा" असा इथला नमस्कार करून मोठ्या उत्साहाने आम्हाला फिरवत होता. शेवटी म्हणाला, "हिच्यात नऊ कपहोल्डर आहेत." अनंतरावांनी माझ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाले, "आम्ही दोघंच आहोत. आणि चहा घरून पिऊन आलोय." साधी गाडी मागितली की लोक त्यांच्याकडे दयेने बघायचे.

आणि मग दोन हजार तेरामध्ये ती मिळाली. म्हणजे मिळालीच होती. ॲशबर्टनच्या पलीकडे एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची, पांढरी, हौद्याला चार पोचे, बाकी ठणठणीत. अनंतराव तिच्याभोवती तीन फेऱ्या मारून आले तेव्हा त्यांचा चेहरा मुलगी पसंत पडलेल्या नवरदेवासारखा झाला होता. ते तिथल्या तिथे हो म्हणणार, एवढ्यात मी तोंड उघडलं. "अहो, एकाच बाकावर किती माणसं बसणार? सासूबाई-सासरे पुण्याहून आले की विमानतळावरून आणणार कसे? हौद्यात?" अनंतराव थबकले. शेतकऱ्याला म्हणाले, घरी सगळ्यांना विचारून शनिवारी सकाळी येतो. "सगळ्यांना विचारणार?" त्याने आश्चर्याने विचारलं, मग म्हणाला, "स्वीट ॲज." चालेल की.

त्या संध्याकाळी स्काइपवर पुण्याला बैठक बसली. सासूबाईंचा पहिला प्रश्न, "अनंतराव टेम्पो चालवणार?" त्यावर बराच खल झाला. टेम्पो नव्हे हे पटल्यावर त्यांनी दुसरा मुद्दा काढला, की शनिवारी पहाटेपर्यंत अमावस्या आहे, ती संपल्याखेरीज वाहन घरात आणू नका. आता कॅलेंडरात अमावस्या सकाळी सहाला संपत होती. अनंतराव म्हणाले, "मग ठीक आहे. आठला पोचू." विषय तिथे संपायला हवा होता. मी देवाला नमस्कारसुद्धा शुभाने ढोसल्यावर करणारा माणूस, पण हिशेब चुकलेला मला सहन होत नाही. मी म्हटलं, "कॅलेंडर पुण्याचं आहे. आपण इथे साडेसात तास पुढे. म्हणजे इथली अमावस्या दुपारी दीडला संपते." सासूबाईंनी तिकडून "बघा, दिलीपरावांना किती बारीक कळतं" असा शेराही दिला. तो ऐकून मी फुशारलो, हेही लिहून टाकतो.

शनिवारी आम्ही त्या हिशेबाने निघालो. वाटेत, शेत दहा मिनिटांवर आलं असताना, समोरून एक पांढरी यूट आली. अनंतराव आनंदाने ओरडले, "बघा दिलीपराव, अश्शीच! हुबेहूब अशीच!" आणि त्यांनी हात हलवला. चालवणाऱ्यानेही हलवला. पुढचं सांगायला नकोच. शेतकरी फाटकाशी उभा होता. म्हणाला, "तुम्ही सकाळी येणार होतात ना? मी जेवणाच्या वेळेपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही. मग वाटलं, घरच्यांनी नको म्हटलं असेल." येताना दीड तास अनंतराव गाडी चालवत होते आणि मी खिडकीबाहेरच्या मेंढ्या बघत होतो.

त्यानंतर चार वर्षं गेली. शनिवार-रविवारी ते स्वतःच्या लहान गाडीच्या खिडकीतून फळ्या बाहेर काढून, टोकाला लाल फडकं बांधून कुणाकुणाची कामं करायचे आणि सोमवारी पुन्हा हेल्मेट घालून मोजक्या शब्दांत वाईट बातमी सांगायला जायचे. गाडीचा शोध सुरूच होता. एकदा तर आम्ही विमानाने हॅमिल्टनला गेलो. तिथल्या 'ते रापा' नावाच्या भागातल्या एकाने "अगदी बेसिक" अशी जाहिरात दिली होती. पोचलो तर जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घातलेला एक हसतमुख गृहस्थ आणि त्याच्यामागे इतक्या उंच चाकांवर चढवलेली यूट, की सहा फुटी अनंतरावही शिडी शोधू लागले. दिवे बारा, भोंगे तीन. "पण बेसिक लिहिलं होतं ना?" अनंतरावांनी विचारलं. "होती की," तो अभिमानाने म्हणाला, "मग मी हीप्स काम केलं तिच्यावर." हीप्स म्हणजे ढीगभर. परतीच्या विमानात अनंतराव अचानक हसायला लागले, ते थेट ख्राइस्टचर्च येईपर्यंत. मला वाटलं, झालं, विसरले ते सगळं.

शेवटी गाडी शोधली मीनाताईंनी. त्या एका वृद्धाश्रमात नर्स आहेत. तिथल्या एका आजोबांचं लायसन्स गेलं होतं आणि त्यांची दोन दारांची यूट मुलीच्या गॅरेजमध्ये धूळ खात होती. आजोबांनी अनंतरावांची रीतसर मुलाखत घेतली. मोठी चाकं लावणार? नाही. स्पीकर बसवणार? नाही. मग करणार काय? "कुंपणं," अनंतराव म्हणाले. आजोबांनी किल्ली पुढे केली. या वेळी पुण्याला कुणी विचारलं नाही. मीनाताईंनी तिथेच नारळ फोडला, चारी चाकांखाली लिंबं ठेवली. आजोबा व्हीलचेअरवरून वाकून बघत होते. "ब्रेक तपासताय?" त्यांनी विचारलं. "हो," अनंतराव म्हणाले, आणि लिंबं चिरडत गाडी पुढे काढली. सोमवारी त्यांनी राजीनामा दिला.

पुढचे वीस महिने मी त्यांना जितकं आनंदी पाहिलं तितकं कधीच पाहिलं नव्हतं. कपाळावर भुसा, खिशात पेन्सिल, आणि डॅशबोर्डवर चिमट्याला अडकवलेली नावांची यादी. एकदा हौद्याच्या कडेवर बसून चहा पिताना मी धीर करून म्हटलं, "अनंतराव, त्या अमावस्येचं... माझं चुकलं हो. चार वर्षं गेली तुमची." मला वाटलं, ते म्हणतील, छे छे, काय मनावर घेता! ते म्हणाले, "हो, चुकलंच. फार राग आला होता मला. दोन महिने मी तुमच्याशी धड बोलत नव्हतो." मी थक्क झालो. म्हटलं, "मला तर कळलंच नाही!" "तेच ना," ते म्हणाले, "एवढा राग धरला आणि तुम्हाला पत्ताच नाही. मग कंटाळून सोडून दिला." आणि त्यांनी माझ्या कपात आणखी चहा ओतला.

तेराव्याचं सगळं झाल्यावर विषय निघाला. गाडी अजून त्या आजीबाईंच्या आवारातच होती. ती विकत घ्यायला माणसं फोन करू लागली होती. साध्या यूटची बातमी इथे लपत नाही. मीनाताई म्हणाल्या, "काय करायचं ते पुण्याला विचारून ठरवू. बघू शनिवारी." शनिवार म्हटल्याबरोबर मी हात पुढे केला. मी म्हटलं, "विचारायचं काही नाही. द्या किल्ली." बुधवार होता, ऑफिसला मी काही कळवलंही नाही. आजीबाईंच्या परसात गेलो. कुंपण पूर्ण झालं होतं, फक्त शेवटच्या तीन फळ्या राहिल्या होत्या. कापलेल्या, पेन्सिलीने खुणा केलेल्या, भिंतीला टेकवून ठेवलेल्या. मी त्या ठोकल्या. दोन तास लागले, अंगठा काळानिळा झाला आणि मधली फळी दिसण्याइतकी तिरकी बसली. अनंतरावांनी ती उपटायला लावली असती. आजीबाई बाहेर येऊन "गुड ॲज गोल्ड", म्हणजे एकदम झकास, असं म्हणाल्या, आणि मग त्या आणि मी दोघंही त्या कुंपणापाशी उभे राहून रडलो.

नंतर गाडीत बसलो तर क्लचपर्यंत माझा पाय पोचेना. बाक त्यांच्या पायांच्या मापाने पार मागे सरकवलेला. खाली खटका असतो, तो ओढला की अख्खा बाक पुढे येतो. मी हात खाली घातला, खटका बोटांना लागला... आणि हात तसाच वर घेतला. आजीबाईंकडून दोन उशा मागून घेतल्या, पाठीमागे कोंबल्या आणि गाडी घरी आणली. यादीतली अकरा नावं अजून बाकी आहेत. परवा आम्ही एकाचं फाटक बसवायला गेलो, म्हणजे मी ठोकलं आणि मीनाताईंनी धरलं. निघताना त्या म्हणाल्या, "अरे दिलीप, बाक पुढे घे ना, किती अवघडून बसतोस." मी म्हटलं, "राहू दे, मीनाताई. होतं बरोबर." त्यांनी बाकाकडे एकदा खाली पाहिलं, आणि मग माझ्या पाठीमागची सरकलेली उशी नीट केली.