माझ्या पायात दुसरीच्या चपला

शुक्रवारी सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी आमच्या मंडळाच्या ग्रुपवर मला चोर ठरवण्यात आलं.

कॅमेऱ्याची क्लिप होती. हॉलबाहेरचा चपलांचा रॅक, आदल्या संध्याकाळचा गाण्याचा कार्यक्रम नुकताच सुटलेला. निळ्या साडीतली एक बाई भिंतीला हात लावून उभी आहे, वाकून वाकून खाली बघते आणि काळ्या चपला घालून निघून जाते. त्याखाली सेक्रेटरींची ओळ... 'सावधान! बघा, काकू कशा चोरासारख्या बघताहेत. कोणी ओळखत असेल तर सांगा भिया.' (भिया म्हणजे आमच्याकडचं 'भाऊ'.)

त्या काकू म्हणजे मी. आमच्या अन्नपूर्णा भागातल्या अर्ध्या लोकांना मी इंग्रजी शिकवलं आहे आणि त्यातलीच काही मंडळी त्या क्लिपखाली हसरे चेहरे टाकत होती.

मी तडक दाराशी जाऊन चपला बघितल्या. रंग तोच, मागचा वेल्क्रोचा पट्टा तोच... पण दोन नंबर मोठ्या. म्हणजे रिक्षात चढले, उतरले, जिना चढून घरी आले, आणि पायात दुसरीच्या चपला आहेत हे मला कळलंच नाही.

आता ग्रुपवर कधीच लिहिलं नव्हतं ते लिहिते. मला ब्रेस्ट कॅन्सर झाला होता. केमो संपून काही वर्षं झाली. 'आता एकदम ठीक ना?' असं लोक विचारतात, मी 'एकदम' म्हणते आणि विषय संपवते.

पण पाय परत आले नाहीत. औषधानं कॅन्सरला मारलं, जाता जाता पायांच्या नसांनाही तडाखा दिला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, काहींच्या संवेदना परत येतात, काहींच्या नाही. माझ्या पायात सदान्‌कदा जाड मोजे घातल्यासारखं वाटतं. साधी चप्पल रस्त्यात निसटली तरी कळत नाही, म्हणून हा मागचा पट्टा.

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आम्हाला डोक्यावर पुस्तक ठेवून चालायला लावत. पाठ ताठ, नजर समोर, पायांकडे बघायचं नाही. जन्मभर मी तशीच चालले... आणि साठी उलटल्यावर फिजिओथेरपिस्ट मुलीकडून उलटं शिकले. पाय सांगत नाहीत ना, मग डोळ्यांनी चाला. जमीन बघा, पायरी बघा, भिंतीला हात लावा, मगच पाऊल टाका.

शिकले मी. एकदाही पडले नाही, आणि याचा मला माझ्या सगळ्या सर्टिफिकेटांपेक्षा जास्त अभिमान आहे. सेक्रेटरीसाहेब, तुम्हाला जी चोरी दिसली, ते माझं चालणं आहे.

चपला चुकीच्या घातल्या, कबूल. मीच सेक्रेटरींना फोन करून म्हटलं, 'ती बाई मी. चपला कुठे आणून देऊ?' तर हसून म्हणाले, 'अरे काकू, आप भी ना! मजाक होता, इतकं काय मनावर घेता?' क्लिप मात्र तशीच राहिली.

शनिवारी संध्याकाळी चपलांची मालकीण स्वतःच घरी आली. रेखाजी, जवळच्या हातोद गावच्या, इथे मुलाकडे आल्या आहेत. त्या दिवशी त्यांची नात गायली होती. हातात पिशवी, पिशवीत माझ्या चपला... आणि पायाच्या करंगळीला पट्टी.

रॅकवर उरलेल्या माझ्या चपला घालून त्या घरी गेल्या होत्या. फरशीवर रक्ताचे डाग बघून सून घाबरली. तिनं सेक्रेटरींना एवढंच विचारलं होतं की चपलांची अदलाबदल झाली का, बघता का जरा. 'चोर' हा शब्द तिचा नव्हे.

माझी जीभ तुम्हाला माहीत आहे. मी म्हणाले, 'इतनी तंग चप्पल पहनके घर तक गईं और पता नहीं चला?' बोलले आणि मलाच खटकलं... लोक मला हेच विचारतात.

त्या खाली बघत म्हणाल्या, 'पैर बोलते ही नहीं म्हारे, बहनजी.'

मी एकच शब्द विचारला. 'कीमो?'

त्यांनी चमकून वर बघितलं. 'हाँ... आपको भी?'

मग आम्ही अशा हसलो की चहा गार झाला. चार पाय, आणि एकानंही तक्रार केली नव्हती!

रेखाजींच्या हातांचीही तीच गत. पूर्वी बाफले, म्हणजे कणकेचे उकडलेले गोळे, निखाऱ्यांतून हातानं काढायच्या. आता भाजतं ते दिसतं, जाणवत नाही. 'चिमटा पकड़ लिया मैंने, पर बाफले आज भी मैं ही बनाती,' असं ताठ मानेनं म्हणाल्या. मी त्यांना माझ्या ब्लाउजची वेल्क्रो दाखवली. हुकांना मी केव्हाच रजा दिली आहे.

जाताना म्हणाल्या, 'मेरे को लगा, मेरे अकेली के साथ है. घर में किसी को बताया नहीं.' करंगळीतून रक्त आलं तेव्हाही सुनेला 'चिंता मत कर, उम्र हो गई' एवढंच सांगितलं होतं.

त्या वाक्यासाठी ही पोस्ट लिहिते आहे. तुमच्या घरात, शेजारी कोणी केमो करून बरी झालेली असेल, तर 'ठीक ना?' विचारून पुढे जाऊ नका. पाय कसे आहेत, हात कसे आहेत, तेही विचारा. आणि बायांनो, लपवू नका, डॉक्टरांना सांगा. लाज वाटण्यासारखं यात काहीही नाही.

आता माझ्या चपलांच्या पट्ट्याला लाल दोरा आहे, रेखाजींच्या पिवळा.

सेक्रेटरीसाहेब, तुमचं उत्तर मला लेखी हवं. त्याच ग्रुपवर, त्याच क्लिपखाली, येत्या रविवारी संध्याकाळी पाच वाजेपर्यंत. व्हॉइस नोट चालणार नाही, हात जोडलेलं चित्रही चालणार नाही. पूर्ण वाक्यं लिहा, आणि माफी रेखाजींच्या सुनेचीही मागा. तिच्या साध्या प्रश्नाचा तुम्ही तमाशा केला.

सहा वाजता मंडळाचा कार्यक्रम आहे. रेखाजी आणि मी येणार आहोत, दोघीही खाली बघत. कॅमेरा चालू ठेवा.