बुटासकट पाय

उचगावच्या तानाबाईला पुण्याहून नवा पाय मिळाला, तेव्हा तिच्या नवऱ्यानं, जोतीरामनं, तो आधी गल्लीभर दाखवून आणला. गुडघ्याखाली चढवायचा, मांडीला पट्ट्यांनी आवळायचा, आणि खाली काळा कुळकुळीत बूट. एकाहत्तर सालच्या हंगामात उसानं भरलेली गाडी बांधावरून कलंडली आणि तिचा उजवा पाय चाकाखाली गेला. दवाखान्यात तो कापावा लागला. त्यानंतर वर्षभर ती कुबड्यांवर होती. कुबड्यांवर चालता येत होतं, पण दोन्ही हात त्यातच गुंतलेले. पाण्याची घागर उचलायची कशानं?

नवा पाय आल्यावर पहिल्याच सकाळी ती तो चढवून चुलीकडं निघाली. उंबऱ्यातच सासू, चिमणाबाई, आडवी झाली.

“तानं, पायताण भाईर.”

“आत्याबाई, ह्ये पायताण न्हवं, पाय हाय.”

“बूट हाय की! चामडं घिऊन चुलीम्होरं? आत देव बसल्यात.”

“त्यो निघत न्हाय. पायालाच पक्का केलाय.”

“मग पाय काढून ये.”

तानाबाईनं नवऱ्याकडं बघितलं. जोतीराम म्हशीच्या दाव्याची गाठ फार मन लावून सोडायला लागला.

तिनं पाय काढला, चपलांच्या ओळीत ठेवला आणि ढुंगणावर सरकत चुलीपाशी गेली. भाकऱ्या झाल्या. पाण्याला जायचं म्हणून पुन्हा सरकत बाहेर, पुन्हा पट्टे आवळा. घागर भरून आणली, उंबऱ्यात पुन्हा पट्टे सोडा. दिवसातनं आठ वेळा ही कसरत. मांडीची कातडी सोलून निघाली. एकदा कुत्र्यानं बुटाची नाडी चावून तोडली. एकदा सांगावा घेऊन आलेला माणूस दारातच थबकला आणि ओरडला, “अवो, कुणाचा तरी पाय ऱ्हायलाय हितं!”

“माझाच हाय, पावणं,” ती आतनं खेकसली. “ऱ्हाऊ द्या तिथंच. त्याला आत यायला बंदी हाय.”

दोन महिने असे काढल्यावर जोतीरामला घेऊन ती एसटीनं पुण्याला गेली. पाय बनवणाऱ्या कारागिरापुढं तिनं तो टेबलावर आडवा ठेवला.

“ह्यो बूट काढून द्या.”

“बाई, बूट काढला तर उंची कमी होईल. तोल जाईल तुमचा.”

“तोल आत्ताच जातूय. मी दुसऱ्या पायात काय घालती बघितलं का? काय बी न्हाय. एक पाय सायबाचा आन् एक माझा. कंबर धरती की.”

“मग दुसऱ्या पायातही बूट घाला.”

“शेण काढताना?”

कारागीर हसला. माणूस वाईट नव्हता. “आणि स्वयंपाक खुर्चीवर बसून करत जा,” असंही त्यानं समजावलं. तिच्या घरात एकच खुर्ची होती, तलाठी आला की त्याच्यासाठी बाहेर काढायची, आणि चूल होती जमिनीवर. खुर्चीत बसून तव्यापर्यंत हात पोचवायला ती काय माकड होती? परतीच्या प्रवासात जोतीराम कराडपर्यंत सांगत राहिला की फुकट मिळालंय, नावं ठेवू नयेत.

दुसऱ्या दिवशी ती गावातल्या पिराजी सुताराकडं गेली. त्यानं पाय उलटासुलटा करून बघितला, बूट उपसून काढला आणि तिला भिंतीला टेकवून अनवाणी उभं केलं. चांगल्या पायाचं माप घेतलं. शिवणीच्या हलक्या लाकडाचं पाऊल तासून, खाली सायकलच्या टायरचा तुकडा मारून चार दिवसांत बसवून दिलं.

“बोटं काढू का?” त्यानं विचारलं होतं.

“बोटं कशाला? नखं कापत बसू व्हय?”

चिमणाबाईनं लाकडी पाऊल चाचपून बघितलं, त्यावर पाणी शिंपडलं आणि वाट सोडली. मांडीवरचे चामड्याचे पट्टे लुगड्याखाली होते. ते रोज देवासमोरून जात राहिले. तानाबाईनं तो विषय काढला नाही.

पण आत जाऊनही उकिडवं बसता येईना. लाकडी घोटा वाकत नव्हता. मग तिनं कुणाला न विचारता विटा रचल्या, चिखल कालवला आणि कंबरेइतक्या उंचीवर चूल घातली.

“उभ्यानं सैपाक? हाटेल हाय का ह्ये?” चिमणाबाई कडाडली.

“व्हय, हाटेल. जेवायचं असलं तर बसा, न्हायतर वाट मोकळी करा.”

त्या दिवशी सासू जेवली नाही. दुसऱ्या दिवशी जेवली. आठवडाभर भाकरी करपट लागते म्हणत राहिली. पुढं तेही थांबलं.

पिराजीनं पुढच्या बारा वर्षांत तिला तीन पावलं करून दिली. चौऱ्याऐंशी साली कागलकडची एक बाई नवऱ्याबरोबर तिचा पत्ता शोधत आली. मोटेच्या विहिरीवर त्या बाईचा पाय गेला होता, नवा पाय दारातच पडून होता. नवरा बिचारा बूट कुठल्या कंपनीचा वगैरे सांगायला लागला.

“ते ऱ्हाऊ दे,” तानाबाईनं त्याचं बोलणं तोडलं आणि त्या बाईकडं वळली. “तुझी चूल केवढी उंच हाय, ते सांग आधी.”

त्या बाईनं हात जमिनीलगत धरून दाखवला. तानाबाईनं कपाळाला हात लावला आणि पिराजीला हाक मारायला निघाली.